अकरावं नाव

यादीत नावं अकरा आणि घरात माणसं चार.

एप्रिलातला रविवार होता. नेट सारखं अडकत होतं. टीव्हीवर सामना लागला होता आणि बॉलर पळत आला की नेमकं पडद्यावर गोल चक्र फिरायला लागायचं. पोरगा दर वेळी मान वळवून माझ्याकडं बघायचा, बॉलरला मीच दंडाला धरून थांबवलंय अशा नजरेनं. राउटर बंद करून पुन्हा चालू करणं, हा सगळ्यांना येणारा उपाय दोनदा करून झाला. शेवटी लॅपटॉप मांडीवर घेतला, १९२.१६८.१.१ टाकलं आणि राउटरच्या पोटात शिरलो. या घडीला कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी तिथं असते. एकेक नाव ओळखत गेलो. माझा फोन, बायकोचा, आईचा. पोराचा टॅब. दोन लॅपटॉप. टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा. स्वयंपाकघरात गाणी लावायला ठेवलेला, काच तडकलेला जुना फोन. दहा झाले. अकरावं नाव एका फोनच्या मॉडेलचं होतं आणि ते मॉडेल आमच्यात कुणाकडंच नाही. कोण फुकट वापरतंय म्हणून आधी चिडलो. मग आठवलं. तो फोन २०१८ साली मीच खडेबाजारातून आणला होता, काकूसाठी. आणल्या आणल्या तिच्या सोप्यात बसून त्यात वाय-फायचा पासवर्डही मीच टाकला होता.

नावासमोर लाल अक्षरांत एक बटण होतं. ब्लॉक.

काकांच्या घरात आणि आमच्यात तीन वर्षं बोलणं नाही. घर म्हणायचं तरी एकच आहे ते. बेळगावच्या शहापुरातली जुनी घरं तुम्ही बघितली असतील. रस्त्यावरून दहा-बारा हात रुंद दिसतात आणि आत शिरलं की संपता संपत नाहीत. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मग परडं आणि परड्यात आड. १९९८ साली आजी गेली, वर्षाच्या आत चूल वेगळी झाली आणि घराच्या मधोमध, सोप्यापासून न्हाणीपर्यंत, साडेचार इंची भिंत उभी राहिली. अरुंद घर आणखी अरुंद झालं. भांडण असं त्या वेळी झालंच नव्हतं. दोन भाऊ, दोन चुली, मधे भिंत, इतका सरळ हिशोब. गवंडी वडगावचा होता. भिंत चढत होती तेव्हा मी आणि दादा, म्हणजे काकांचा मुलगा, दोन बाजूंनी उभं राहून एकमेकांना चेंडू टाकत होतो. भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा खेळ थांबला. त्या दुपारी शेजारच्या मागाची खटखट मधेच थांबली होती, लाईट गेली असणार, आणि सिमेंटच्या ओल्या वासात अख्खं घर एकदम गप्प झालं होतं, हे मला अजून आठवतं. कारण काही नाही. आठवतं.

वाटून वापरायची सवय मात्र भिंतीच्या आधीची. आमच्या गल्लीत पहिला फोन आला तो एका सोनाराकडं, आणि निम्म्या गल्लीनं तो नंबर आपापल्या लग्नपत्रिकांवर छापला, पुढं ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं घालून. आता पी. पी. म्हणजे काय, हे पोराला सांगायला गेलो तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय. दुसऱ्याच्या घरातला फोन, आपलं नाव, आणि निरोप द्यायला पळत येणारं पोरगं. पुढं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन घेतला तेव्हा काकांकडं त्याचीच पॅरलल लाईन गेली. तिकडं रिसीव्हर उचलला की इकडं बारीक ‘टिंग’ वाजायचं. राकसकोप धरणाचं पाणी चार दिवसांआड यायचं तेव्हा आमच्या नळाची पाईप भिंतीवरून पलीकडं जायची आणि तिकडून लोणच्याची बरणी इकडं यायची. हे सगळं प्रेमापोटी होतं असं मी म्हणणार नाही. परवडत नव्हतं, म्हणून होतं.

सरकारी ब्रॉडबँड २००५ साली देशात सुरू झालं आणि वर्षभरात आमच्या दारात आलं. त्याआधीचा नेट म्हणजे मोडेमची ती किरकिर, फोन तासभर एंगेज, आणि गडहिंग्लजहून काकूच्या माहेरच्यांची बोलणी. आता फोन मोकळा राहून नेट चालणार होतं. महिन्याला पाचशे रुपये, वेग २५६ केबीपीएस, वापर एक जीबी. आजच्या पोरांना हे आकडे सांगू नयेत, त्यांना कीव येते. पाचशे ही रक्कम आप्पांना एकट्याला जड होती, काकांनाही जड होती. दादा तेव्हा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागला होता आणि सुटे भाग जमवून त्यानं घरीच कॉम्प्युटर उभा केला होता. तोच म्हणाला, दोन कनेक्शनं कशाला, एकच घेऊ, निम्मे निम्मे भरू, वायर मी टाकतो. कारखान्यातून ड्रिल मशीन मागून आणलं आणि एका संध्याकाळी सोप्यातल्या भिंतीला, आजीच्या फोटोच्या खाली, बोटभर भोक पाडलं. विटेचा लाल भुगा काकूच्या झाडून घेतलेल्या फरशीवर पडला. ती दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“भिंत घातलासा कशाला मग? भोकं पाडायला?”

त्या वायरीचं एक मला आजही नवल वाटतं. राखाडी कॅट-फाइव्ह, आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोड्या पीळ घातलेल्या. दादा त्या नखानं उलगडून सरळ करायचा आणि पाढे म्हटल्यासारखे रंग म्हणायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टोकं एका रेषेत कापून पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवायची आणि क्रिंपर दाबायचा, कट्ट. दुसऱ्या टोकाला मात्र त्यानं नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल केली. मला वाटलं चुकला. तर म्हणाला, “येडा हाईस काय, दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर असंच करतात. दोघंबी एकाच जोडीतनं बोलतात आणि दुसऱ्या जोडीतनं ऐकतात. तार सरळ टाकलास तर दोघं एकाच तारेत बोलूलेत आणि ऐकूलंय कोण? कोणच नाही. म्हणून मधे क्रॉस. तुझं बोलणं माझ्या कानात, माझं तुझ्या.” आठातल्या चारच तारा कामाच्या होत्या, उरलेल्या चार नुसत्या सोबतीला. पुढं आलेली यंत्रं ही अदलाबदल आपली आपण करायला लागली आणि क्रॉस वायर हा प्रकारच गेला. पण त्या वर्षी ती दादानं हातानं केली होती, आणि पहिल्यांदा बसली नाही म्हणून पुन्हा टोक कापून केली होती.

मोडेम आमच्याकडं, कारण फोनची लाईन आमच्याकडं. आमच्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड बसवलं, एक मोडेमला आणि एक भिंतीपलीकडं. विंडोजमध्ये कनेक्शन वाटून द्यायची एक चौकट असते, तिच्यात बरोबरची खूण केली. आमचा कॉम्प्युटर झाला १९२.१६८.०.१ आणि दादाचा १९२.१६८.०.२. मला तेव्हा वाटलं, केवढे मोठे आणि खास नंबर मिळाले आपल्याला. दादा हसला. हे नंबर घरातल्या घरात वापरायलाच राखून ठेवलेत म्हणाला, जगात लाखो घरांत हेच असतात, उंबऱ्याबाहेर यांना कोण विचारत नाही. बाहेरचा खरा पत्ता एकच. जगात असे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास, ते पुरणार नाहीत म्हणून ही काटकसर. पलीकडून दादा काही मागायचा, मागणी आमच्या कॉम्प्युटरकडं यायची, तो आपल्या चोपडीत नोंद करून तीच मागणी स्वतःच्या नावावर बाहेर पाठवायचा, आणि उत्तर आलं की चोपडी बघून ज्याचं त्याला द्यायचा. पोस्टमन सगळी पत्रं आजीच्या हातात द्यायचा तसं. तिला अक्षर येत नव्हतं, पण निळं अंतर्देशीय काकूच्या माहेरचं आणि पिवळं पाकीट आप्पांच्या विम्याचं, हे ती बरोबर ओळखायची. बाहेरच्याला मात्र आत किती माणसं आहेत याचा पत्ता नाही. बाहेरून बघावं तर एक घर, एक नंबर.

यात एक गोम होती. आमचा कॉम्प्युटर चालू असेल तरच दादाचं नेट चालू. म्हणून तो भिंतीवर दोनदा ठोकायचा, टक टक, म्हणजे चालू कर. मी एकदा ठोकायचो, म्हणजे करतो. तीनदा म्हणजे लाईट जाणार, यूपीएस ओरडूलाय, सेव्ह कर. आई कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण घालायची आणि तो चालू असतानाही घालायची, म्हणून तो तापायचा. रात्री दोन ते सकाळी आठ वापर फुकट होता, त्यामुळं गावात एक नवीनच जमात तयार झाली होती, पहाटे जागी असणारी आणि कॉलेजात झोपणारी. सातशे एमबीचा सिनेमा त्या वेगानं उतरवायला सहा तासांच्या वर लागायचे. म्हणजे दोनला लावला तर आठला कसाबसा.

आता ते सांगतो जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वाजेपर्यंत जागणं मला जमायचं नाही. विसाव्या वर्षी झोप काय असते, ठाऊक आहे. त्या महिन्यात तीन रात्री मी अकरालाच सिनेमा लावला आणि झोपलो. तीन तास जादा, एवढंच. तासाला एकशे पंधरा एमबी. हा हिशोब मी नंतर केला, बिल आल्यावर. एक जीबीच्या पुढं दर एमबीला दोन रुपये होते आणि बिलात जादाचे अठराशे रुपये लागले होते. अठराशे. आप्पा बिल हातात धरून सोप्यात उभे होते. बिलावर कुणाचं नाव नव्हतं, असणार कुठून? एक नंबर, एकूण वापर, एकूण रक्कम. आप्पांनी भिंतीकडं बघितलं. मला त्यांनी विचारलंही नाही. त्यांच्या लेखी माझा कॉम्प्युटर अभ्यासाचा होता आणि दादाचा, कमवत्या पोराचा, चैनीचा. भोकापाशी तोंड नेऊन ते मोठ्यानं म्हणाले, ज्यानं वापरलं त्यानं भरावं. पलीकडून दादा म्हणाला, “मी नाही आप्पा.” एकदाच. काकांनी त्याला गप्प केलं, शर्ट अडकवून आमच्या दारानं आत आले आणि अठराशे रुपये मोजून कॉम्प्युटरच्या त्या क्रोशाच्या झाकणावर ठेवून गेले. त्यात दहा-दहाच्या नोटाही होत्या. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. पुस्तक अकाउंटिंगचं होतं, तेवढंच आणखी.

दादाला कळलं असणार. तो त्या विद्येतला माणूस, त्याला न कळायला काय झालं? दुसऱ्या दिवशी माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि मला वाटलं, आता बोलणार. बोलला नाही. पण त्यानंतर रात्री नऊनंतर त्यानं कधी भिंतीवर ठोकलं नाही.

पुढं राउटर आला, वायर गेली, भोक तसंच राहिलं. २०१५ला आप्पा गेले तेव्हा भिंतीत मधेच एक दार पाडायचं दोन्हीकडून चाललं होतं, ते राहूनच गेलं. वाय-फाय भिंत बघत नाही. काकूच्या स्वयंपाकघरात फडताळाशी उभं राहिलं की सिग्नलच्या दोन कांड्या यायच्या, म्हणून तिचा फोन कायम तांदळाच्या डब्यावर ठेवलेला असायचा. तिच्या फोनवर सगळ्या जाहिराती बेंगळुरूच्या दुकानांच्या, त्याही कन्नडमध्ये, कारण बाहेरच्या जगाच्या मते आमचा तो एकुलता एक पत्ता बेंगळुरात होता. ती म्हणायची, “अरे, मी शिनोळीला गेल्यावर फोन म्हणतोय महाराष्ट्रात स्वागत, घरात आलं की म्हणतोय बेंगळूर. मी बेळगावात कवा असते?” २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दोन्हीकडची पोरं भिंतीला टेकून एकाच वेळी शाळेत बसायची, एक अलीकडं, एक पलीकडं. आमच्याकडं मराठीची बाई बोलायची आणि भोकातून कन्नडचा मास्तर ऐकू यायचा.

आणि मग परडं. सिटी सर्व्हेची मोजणी झाली आणि त्यांची न्हाणी दीड फूट आमच्यात निघाली. कागद कन्नडमध्ये, वाचून घ्यायला दुसऱ्याकडं गेलो, त्यानं एक अर्थ सांगितला, दादानं नेला तिथं दुसरा सांगितला. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमचा दीड फूट त्यामानानं लहान मूल. पण शब्दानं शब्द वाढला आणि एका दुपारी आडाच्या काठावर मी दादाला म्हणालो की तुम्हाला आमचं फुकट वापरायची सवयच आहे. हे मी म्हणालो. मी. दादा काही क्षण नुसता बघत राहिला, मग आत गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

त्यामुळं एप्रिलातल्या त्या रविवारी मी त्या लाल अक्षरांकडं बराच वेळ बघत होतो. आधीची यंत्रणा कुणाचं नाव सांगत नव्हती, ही एकेकाचं नाव, वेळ आणि वापर मांडून देते. त्या दिवशी काकूच्या फोनचा वापर होता चाळीस एमबी. आमच्या टीव्हीनं एका डावात त्याच्या कितीतरी पट गिळलं होतं. लॅपटॉप मिटला. ब्लॉक केलं नाही, पण यात चांगुलपणा किती आणि आळस किती, मला सांगता यायचं नाही.

मे महिन्यात वळीव आला. दुपारपासून आभाळ येऊन थांबलं होतं, हवा हलत नव्हती, आणि साडेचारला एकच अशी कडाडली की दोन्ही घरांतली पोरं ओरडली. सोप्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. राउटर गेला. दोन दिवसांनी नवीन घेऊन पोरगा आला, गोकाककडचा, विशीतला, गुडघ्यापर्यंत चिखल. जोडाजोडी झाल्यावर फोन काढून मला विचारलं, “हेसर एन इडली, सर?” लहानपणी या वाक्याला आम्ही किती हसायचो! नाव काय ठेवू विचारतोय आणि आम्हाला इडली ऐकू येतेय. त्या दिवशी हसू आलं नाही. नाव बदलणं म्हणजे काय ते या गावाला वेगळं सांगायला नको. २०१४च्या एक नोव्हेंबरला पाट्यांवर बेळगावचं बेळगावी झालं आणि घरात आम्ही म्हणायचं तेच म्हणत राहिलो. फोनला एवढी मोकळीक नसते. वाय-फायच्या नावात किंवा पासवर्डात एक अक्षर इकडं तिकडं झालं की तो ओळख दाखवत नाही. म्हणजे आता कुणाला ब्लॉक करायचीही गरज नव्हती. राउटरच्या खाली छापलेलं नाव तसंच राहू द्यायचं, बास. वीज पडली, राउटर गेला, नवा आला. बिलासारखंच. कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही.

फोन त्याच्या हातातून घेतला आणि जुनं नाव टाकलं. पासवर्डही जुनाच, दादानं पहिल्या राउटरला दिलेला, आजीचं माहेरचं आडनाव आणि पुढं तिचं गेल्याचं साल.

त्या रात्री यादीत दहा नावं आली. दुसऱ्या दिवशीही दहाच. तिसऱ्या दिवशी मी जरा जास्तच वेळा यादी उघडली असेन, कारण आई लसूण सोलता सोलता म्हणाली, “सारखं काय बघूलास त्यात?” म्हटलं, काही नाही, काकूचा फोन जोडलाय का बघत होतो. ती मान वर न करता म्हणाली, “तिनं नवा घेतला की, शिमग्यातच. त्यात नेटबी हाय स्वतःचं. जुना नातवाला दिलाय, कार्टून बघतंय ते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? तिनंच. आडावर भेटतो की आम्ही रोज. तुमचं काय ते तुमचं बाबा.” लसणाच्या साली सुपात गोळा करत ती उठली. “पोर आजोळी गेलंय चंदगडला. सोमवारी येतंय.”

तीन वर्षं रोज. आणि परड्यातली लोणच्याची बरणी आमच्याकडं कशी येत होती, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता अकरावं नाव आलं. साडेनऊपर्यंत होतं. भोकातून कार्टूनचा आवाज येत होता, हिंदीत, आणि मधेच काकांचा खोकला. काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ते अठराशे रुपये एका पाकिटात घालून ठेवलेत, पाकीट कपाटात आहे. तिकडं जायचं कुठल्या दारानं आणि सुरुवात कुठनं करायची, तेवढं अजून ठरलेलं नाही.